खांदे कुणी दिले?

भांडण सुरू झालं तेव्हा शिंपीमास्तर कापणीच्या टेबलाखाली होते. शिवताना घालायचं अंगुस्तान बोटातून निसटून घरंगळत भिंतीकडच्या कोपऱ्यात गेलं होतं. त्यामुळे जावईबापू जिना चढून वर आले आणि म्हणाले, "उद्यापासून मी दुकानात बसणार नाही," तेव्हा मास्तरांना आधी फक्त त्यांचे बूट दिसले. बूट पुसलेले होते. जावईबापू रविवारी कधी बूट पुसत नसत. प्रकरण साधं नाही, हे मास्तरांनी बुटांवरूनच ओळखलं आणि ते टेबलाला डोकं आपटून बाहेर आले.

"का? मी काही बोललो का?"

"तुम्ही नाही, बाबा. हुप्प्याकाका बोललेत." जावईबापूंनी फोन पुढे केला. "हुकूम निघालाय. पुलापलीकडून आलेल्यांनी मोठ्या रस्त्यावर धंदा करायचा नाही. दुकानं मागच्या गल्लीत हलवा, नाहीतर बंद करा."

"अरे, पोस्टरावरचा गोंदसुद्धा वाळला नाही अजून!"

हुप्प्या म्हणजे मास्तरांचा मावसभाऊ. लहान असताना मावशीने त्याला इथे आणून सोडला आणि तो याच घरात वाढला. दारामागे लपायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'हुप्प!' करून दचकवायचं, हा त्याचा लहानपणचा एकमेव उद्योग. दचकलेल्या माणसाला मग तोच पाणी आणून देई आणि म्हणे, "घाबरलात ना? आता घाबरू नका, मी आहे." मोठेपणी त्याने उद्योग बदलला नाही, फक्त दार मोठं केलं. पुलापलीकडचे येतायत, पुलापलीकडचे शिरलेत, पुलापलीकडचे तुमच्या पलंगाखाली आहेत, असं वर्षभर ओरडून तो या आठवड्यात शहरप्रमुख झाला होता. आणि जावईबापू पुलापलीकडचे होते. त्यांच्या हातासारखी कापणी या रस्त्यावर कुणाची नव्हती आणि मास्तरांची एकुलती एक लेक त्यांना दिलेली होती. त्या लग्नाची जुनी हकीगत घरात आता कुणी उकरून काढत नसे.

रविवार असल्यामुळे सगळे वरच्या खोलीतच होते. मास्तरांच्या बहिणीला घरातसुद्धा सगळे 'बाई'च म्हणत, कारण त्या शाळेत शिकवत. (घरात ज्याला मास्तर म्हणतात तो चौथीनंतर शाळेत गेला नाही, आणि शिकवते तिला नुसतं बाई, यावर त्यांचा आक्षेप होता, पण तो कुणी नोंदवून घेतला नव्हता.) त्या खिडकीशी बसून पेपर तपासत होत्या. मास्तरांचा धाकटा भाऊ लाऊडस्पीकर भाड्याने देई. तो जमिनीवर वायरींच्या भेंडोळ्यात बसून हुप्प्याच्या संध्याकाळच्या विजयी मिरवणुकीसाठी माईक जोडत होता. मास्तरांची लेक टिकली काज करत होती. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, इस्त्री करत होत्या.

वहिनींनी इस्त्री उभी केली.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "हे ध्यान निवडून आलं कसं? कुणी आणलं याला वर?"

खोलीत एकदम शांतता पसरली. दूध कुणी सांडलं असं विचारल्यावर या घरात पूर्वी जशी पसरत असे, अगदी तशीच. मग बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"दादा, कोट कुणी शिवला?"

मास्तरांना हे येणार याची कल्पना होती. हुप्प्याचे जन्मजात खांदे म्हणजे घसरगुंडी. हँगरवरून शर्ट घसरावा तशी त्याच्या अंगावरून कापडं घसरत. पहिल्या सभेला तो मंचावर चढला तेव्हा लोकांनी त्याला बसायला खुर्ची दिली होती, बरं वाटत नसेल म्हणून. मग तो मास्तरांकडे आला आणि मास्तरांनी त्याला कोट शिवला. आत दुहेरी कॅनव्हास, वर कापसाचे थर, त्यावर पुन्हा पॅड. तो कोट घातल्यावर हुप्प्या दारातून सरळ जाऊ शकत नसे, आडवा होऊन जाई. दुसऱ्या सभेला लोक आपसूक उभे राहिले.

"गिऱ्हाईक मागेल तसं शिवायचं," मास्तर म्हणाले. "धंद्याचा नियम आहे."

"खांदे तुम्ही दिलेत त्याला!" वहिनी म्हणाल्या.

"खांदा माणसाला एकदाच देतात," खालून धाकटा म्हणाला. "आणि त्यानंतर तो माणूस गप्प असतो. दादाने दिला आणि हा बोलायलाच लागला."

टिकली फिस्सकन हसली. मास्तर मात्र उखडले.

"बोलायला मी नाही शिकवलं! वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस कुणी दिलं होतं? बाई, बोला की आता!"

बाईंना तो दिवस चांगला आठवत होता. त्यांची नोकरी नवी होती, विषय होता 'माझे शेजारी'. हुप्प्या दोन वाक्यं बोलला आणि तिसरं विसरला. दुसरं कुणी असतं तर रडत खाली उतरलं असतं. हुप्प्याने हात वर केला आणि ओरडला, "आणि म्हणून मी तुम्हाला सांगतो!" काय सांगतो, ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, दर वेळी हात थोडा अजून वर. शेवटी पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"बाकीच्या मुलांचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेलाच नाही," बाई म्हणाल्या. "याचा गेला."

"आणि मुद्दा?"

"मुद्द्याला पाच गुण होते."

"आवाजाला किती होते?"

बाई चष्मा पुसू लागल्या. "पंधरा," त्या पुटपुटल्या. आणि चष्मा डोळ्यांवर चढताच त्यांची नजर नेमकी धाकट्यावर गेली. "पण माझ्या वर्गात तो मागच्या बाकापर्यंतच गेला होता. शहराच्या टोकापर्यंत कुणी नेला?"

धाकट्याला यात काही चूक दिसत नव्हती. तो हुप्प्याच्याच वयाचा, एकाच गादीवर झोपून दोघं वाढले होते. पण हुप्प्याला त्याने स्पीकर दिले ते भाऊ म्हणून नव्हे, धंदा म्हणून, याचा त्याला अभिमान होता.

"माझा कर्णा तटस्थ आहे," तो म्हणाला. "आज त्यात कोकीळ गाईल, उद्या गाढव ओरडेल. कर्ण्याचा काय दोष?"

"तटस्थ?" टिकलीने सुई कापडात खोचली. "काका, त्या ग्रंथपालबाई निवडणुकीला उभ्या होत्या हुप्प्याकाकासमोर. त्यांच्या सभेला तू कुठला सेट लावलास?"

"जुना. नवा हुप्प्याने आधीच घेतला होता! बुकिंग म्हणजे बुकिंग."

"जुना खरखरत होता. त्या बिचाऱ्या तासभर गटारांवर बोलल्या. लोकांना ऐकू काय येत होतं? 'गट... गट... गट...' सगळं शहर म्हणायला लागलं, या बाई फक्त गटबाजीवर बोलतात!"

"वायर ओली झाली होती!"

"आणि तू गं?" मास्तर लेकीकडे वळले. पोटच्या पोरीला सोडलं तर न्याय काय राहिला, असा त्यांचा चेहरा होता. "तो व्हिडिओ कुणी काढला?"

टिकलीचा चेहरा पडला. व्हिडिओ तिनेच काढला होता. जावईबापूंच्या शर्टात दोन्ही खांद्यांवर उश्या खोचल्या होत्या आणि ते हुप्प्याच्या आवाजात ओरडत होते, "आणि म्हणून मी तुम्हाला सांगतो, तुमच्या चहातली साखर पुलापलीकडच्यांनी नेली!" नक्कल इतकी हुबेहूब होती की वहिनी हसताना जिन्यावर बसल्या होत्या. शहरभर तो व्हिडिओ फिरला. लोक हसले. मग खरा कसा दिसतो ते बघायला सभेला गेले. मग पुन्हा गेले, कारण मजा येत होती. त्यातल्या बऱ्याच जणांना चहातली साखर तेव्हापासून खरंच कमी वाटू लागली.

"आम्ही त्याची टर उडवत होतो, बाबा!"

"उडवलीत ना? उडाला की तो! पार वर जाऊन बसला!"

"बरं झालं बाई," वहिनी मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "मी यातल्या कशातच नव्हते. मला राजकारणातलं काही कळत नाही. मी तर मत द्यायलासुद्धा गेले नाही."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"गेला नाहीत?" बाईंनी विचारलं.

"पडदे भिजत घातले होते."

"वहिनी, पडदे!"

"मग? त्याच पाण्यात रात्रभर ठेवले असते तर रंग गेला असता!"

बोलायचे राहिले होते फक्त जावईबापू. ते मघापासून टेबलाच्या कडेवरचा खडू नखाने खरवडत होते. घरात सगळे एकमेकांवर ढकलत असताना त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. हुकूम त्यांच्यावर निघाला होता म्हणून सगळे त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते.

"मी दिलं," ते म्हणाले.

"काय दिलंत?"

"मत. हुप्प्याकाकांना."

धाकट्याच्या हातून माईक पडला, बटण दाबलं गेलं आणि रस्त्यावरच्या खांबाखांबांवरून "धप्प!" असा आवाज आला. त्याने घाईने बटण बंद केलं.

टिकली उठून नवऱ्यासमोर उभी राहिली. "तो वर्षभर पुलापलीकडच्यांना हाकला म्हणून ओरडत होता. तू कुठून आलास?"

"पुलापलीकडून. पण मी रीतसर आलो. लग्न करून."

"अरे देवा."

"मला वाटलं, ते टेकडीवाल्यांबद्दल बोलतायत," जावईबापू म्हणाले. शहराच्या उत्तरेला एक टेकडी होती, तिथे अलीकडे बरीच माणसं राहायला आली होती. "म्हणजे शब्द पुलापलीकडचे असा होता, पण रोख... मला वाटलं, रोख टेकडीकडे आहे. आणि घरचा माणूस. घरचा माणूस मला कशाला हाकलेल?"

कुणी काही बोलणार एवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली आणि दार उघडून शहरप्रमुख आत आले. अंगात बनियन. हातात कोट.

"दादा, घात झाला!" हुप्प्या म्हणाला. "लोकांनी खांद्यावर घेतलं आणि माझाच खांदा उसवला! खाली मिरवणूक जमतेय. लवकर काहीतरी कर."

कोटाच्या डाव्या खांद्यातून कापूस बाहेर लोंबत होता. बनियनमधला हुप्प्या इतका केविलवाणा दिसत होता की बाईंनी सवयीने त्याला खुर्ची दिली. मग त्यांनाच स्वतःचा राग आला आणि त्यांनी ती परत ओढून घेतली.

"आधी हुकुमाचं बोल," मास्तर म्हणाले.

"कुठला हुकूम? हां, तो." हुप्प्याने हात झटकला. "दादा, तो काय मी काढला? सभेत सहज तोंडातून गेलं, पुलापलीकडचे. टाळी पडली. टाळी पडलेलं वाक्य माणूस पुन्हा म्हणतोच ना? पुन्हा म्हटलं, मोठी पडली. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस लोक विचारतात, बोललात ते करणार कधी? मी काय करू? हुकूम टाळ्यांनी काढला."

"म्हणजे जबाबदार कोण?"

"जनता!"

"जनता म्हणजे आम्हीच की रे मूर्खा," वहिनी म्हणाल्या.

"तर मग तुम्हीच!" एवढं सोपं उत्तर निघाल्यावर हुप्प्याचा चेहरा खुलला. "मी उगाच इतके दिवस मनाला लावून घेत होतो."

"आणि आमच्या जावईबापूंनी जायचं कुठे?"

"जावईबापूंना कोण हलवतंय? ते आपले. आपले पुलापलीकडचे."

"आणि कोपऱ्यावरचा पाववाला?" टिकलीने विचारलं.

हुप्प्याने क्षणभर विचार केला. "तो कुणाचा जावई आहे?"

"कुणाचाच नाही."

"मग त्याला हलावं लागेल."

त्याच्या आवाजात राग नव्हता, द्वेषही नव्हता. शिंप्याने म्हणावं, कापड कमी पडतंय, एक बाही आखूड होईल, तसं तो बोलला. आपण उचलून घेतलेलं, खांद्यावर बसवून शहर दाखवलेलं हे पोर, असं मास्तरांच्या मनात आलं, आणि खांद्याचा विषय आल्यावर त्यांनी विचार तिथेच थांबवला.

वहिनींनी कोट उचलून इस्त्रीच्या टेबलावर टाकला आणि त्यावर हात ठेवला. "हुकूम मागे घे. तोवर टाका पडणार नाही."

"वहिनी, बनियनवर हुकूम मागे घेता येत नाही हो! मागे घ्यायलासुद्धा कोट लागतो. असा गेलो तर लोक म्हणतील, हा कोण?"

यात तथ्य होतं, आणि तेच वाईट होतं. शेवटी ठरलं ते असं: मास्तर खांदा शिवतील, हुप्प्या खिडकीतून हुकूम मागे घेईल, आणि मगच कोट त्याच्या अंगावर राहील. पण शिवायचं कसं? खांदा माणसाच्या अंगावरच बेतावा लागतो आणि हुप्प्याला लहानपणापासून गुदगुल्या व्हायच्या. मास्तरांनी पहिली टाचणी लावताच तो किंचाळून टेबलापलीकडे पळाला. दुकानातल्या बिनमुंडक्याच्या पुतळ्याला भलतेच रुंद खांदे होते. हुप्प्याच्या मापाचा घरात एकच माणूस होता.

जावईबापूंनी कोट चढवला.

"उजेडात या," मास्तर म्हणाले, आणि जावईबापू खिडकीत गेले.

खाली मोठा रस्ता माणसांनी भरला होता. उतरतं ऊन खिडकीच्या काचांवर पडून लोकांच्या डोळ्यांत जात होतं. त्यांना चेहरा दिसला नाही. खांदे दिसले. एकच आरोळी उठली, इतकी मोठी की टेबलावरची कात्री थरथरली.

"बाजूला व्हा!" हुप्प्या ओरडला. मग आपण बनियनवर आहोत हे लक्षात येऊन तो चटकन टेबलाखाली शिरला.

"बाजूला होऊ नकोस," टिकली कुजबुजली. तिने काकाच्या हातातला माईक ओढून घेतला, बटण दाबलं आणि नवऱ्याच्या हातात खुपसला. "हात वर कर. बोल. त्याचा आवाज काढ."

जावईबापूंनी हात वर केला.

"आणि म्हणून," ते हुप्प्याच्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला सांगतो!"

रस्ता गर्जला.

"मोठ्या रस्त्यावरचं एकही दुकान हलणार नाही!"

रस्ता पुन्हा गर्जला, तेवढाच. एक माणूस "पण काल तर..." असं काहीतरी म्हणाला, त्याला शेजारच्यांनी गप्प केलं. खोलीत धाकट्याने मूठ आवळून वर केली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काम झालं होतं. दोन वाक्यांत झालं होतं. आता फक्त मागे फिरायचं.

पण जावईबापू फिरले नाहीत. कोट उबदार होता. खांद्यांवर त्याचं वजन असं बसलं होतं की मान आपोआप ताठ होत होती. या रस्त्यावर ते इतकी वर्षं राहिले, येताजाता प्रत्येकाला आधी आपण नमस्कार केला, आणि आज पहिल्यांदाच सगळा रस्ता मान वर करून त्यांच्याकडे बघत होता.

"पुलापलीकडचे आपलेच आहेत!" ते म्हणाले.

"आपलेच!" रस्ता म्हणाला.

"मग आपल्याला त्रास आहे तो कुणाचा?"

हा प्रश्न आपण विचारणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. तो तोंडातून गेला. खाली सगळे गप्प झाले, उत्तराची वाट बघत. त्या शांततेत कुणीतरी काहीतरी टाकायला हवं होतं.

"टेकडीवाल्यांचा!"

आतापर्यंतची सगळ्यात मोठी गर्जना झाली. काचा खणखणल्या. जावईबापूंनी दुसराही हात वर केला.

"उद्यापासून टेकडीवाल्यांनी..."

आणि आवाज गेला.

जावईबापूंचं तोंड उघडंच राहिलं. मग सगळे मागे वळले. भिंतीशी वहिनी उभ्या होत्या. हातात धाकट्याच्या यंत्राचा प्लग होता.

"इस्त्री गार झाली होती," वहिनी म्हणाल्या. पण इस्त्रीचा प्लग त्यांनी लावला नाही. आयुष्यात त्यांनी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. नवऱ्याचं नाही, सासूचं नाही, रेडिओचंसुद्धा नाही.

मास्तरांनी भिजलेल्या पोराचे कपडे उतरवावेत तसा जावयाच्या अंगातून कोट काढला. जावईबापू मटकन खाली बसले.

"मी काय बोलत होतो?" त्यांनी विचारलं.

टेबलाखालून हुप्प्याचं डोकं बाहेर आलं, डोळ्यांत निखळ कौतुक घेऊन.

"जावईबापू! टेकडीवाले! हे मला वर्षभरात का नाही सुचलं?"

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला.

मग मास्तरांनी कात्री घेतली. डाव्या खांद्याचं अस्तर आधीच फाटलेलं होतं. उजव्याचं त्यांनी फाडलं. पॅड, कापूस, कॅनव्हास, सगळं ओढून काढलं आणि जमिनीवर टाकलं. उरलेला कोट त्यांनी हुप्प्याच्या अंगात घातला आणि त्याला जिन्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. शिवलेलं काम मास्तरांनी उभ्या जन्मात पहिल्यांदाच उसवलं होतं.

हुप्प्या खाली गेला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. दारातल्याच माणसाने त्याला अडवलं. "काका, मागे व्हा, साहेब येतायत."

"अरे, साहेब मीच!"

आसपासचे लोक मनमोकळं हसले. वरून बाई आणि धाकटा बघत होते. पंधरा मिनिटं शहरप्रमुख आपल्याच मिरवणुकीत शिरायचा प्रयत्न करत होते. शेवटी कुणीतरी त्यांना नाकावरून ओळखलं. दुकानांचा हुकूम त्यांना मागे घ्यावा लागला, कारण दुकानं हलणार नाहीत यावर टाळ्या पडून गेल्या होत्या. "लोकांची इच्छा," ते म्हणाले. घरात त्यावर कुणी आनंद केला नाही. धाकटा खांबांवरचे कर्णे उतरवून परत आला तेव्हा त्याने सांगितलं, की चौकात सगळे टेकडीवाल्यांबद्दलच बोलतायत. वाक्य अर्धंच गेलं होतं, उरलेलं ज्याने त्याने आपल्या सोयीने भरलं होतं. कुणी म्हणत होता, टेकडीवाल्यांनी रस्त्याने चालायचं नाही. कुणी म्हणत होता, पाणी भरायचं नाही. आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता, आपण स्वतःच्या कानांनी ऐकलं.

सोमवारी सकाळी दुकान नेहमीसारखं उघडलं. कोपऱ्यावर पाववाल्याची भट्टी धुमसत होती. जावईबापू गल्ल्यामागे बसले होते, खडू हातात, पण कापडावर एक रेघ नाही. बाई शाळेत जाता जाता आत डोकावल्या होत्या, धाकटा उगाच दारात उभा होता.

एक स्त्री आत आली. अंगावर दवाखान्याचा गणवेश, हातात दोन पँटी. सगळ्यांनी तिला ओळखलं. टेकडीवर राहणारी नर्स. गेल्या हिवाळ्यात मास्तरांच्या छातीत कळ आली होती तेव्हा रात्रपाळीला हीच होती.

"काल या खिडकीतून कोण बोललं?" तिने विचारलं.

"त्याचं असं आहे," मास्तर म्हणाले.

"यंत्रात जरा बिघाड झाला होता," धाकटा म्हणाला.

"मुळात संदर्भ लक्षात घेतला पाहिजे," बाई म्हणाल्या.

"मी," जावईबापू म्हणाले.

नर्सने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही? तुम्ही तर पुलापलीकडचे ना?"

"हो."

"आणि पुढे काय म्हणणार होतात? उद्यापासून टेकडीवाल्यांनी काय करायचं?"

"माहीत नाही," जावईबापू म्हणाले. "खरंच माहीत नव्हतं. लोक ओरडले, मी बोललो. वायर निघाली नसती तर काहीतरी म्हणालो असतो. आणि ते झालं असतं."

नर्सने पँटी टेबलावर ठेवल्या.

"माझा मुलगा सकाळी शाळेला गेला नाही. म्हणाला, रस्त्याने चालायला बंदी आहे." तिने एका पँटीची कड दुमडून दाखवली. "या दोन बोटं आखूड करा. आणि मी घ्यायला येणार नाही. तुम्ही वर आणून द्या. आणि मला सांगितलंत ना, मी बोललो म्हणून, ते तिथे सगळ्यांना सांगा."

ती गेली. जावईबापूंनी पँटी उलट्या केल्या, माप घेतलं आणि काम सुरू केलं. दोन पँटींना त्यांना दुपार झाली. आतून टीप, वर हातशिलाई, शेवटचा टाका दातांनी तोडून त्यांनी घड्या घातल्या. मास्तर दोनदा "मी येऊ का?" म्हणाले आणि दोन्ही वेळा स्वतःच "गिऱ्हाईक आलं तर?" म्हणून थांबले.

जावईबापू बाहेर पडले तेव्हा दारात वहिनी उभ्या होत्या. चपला घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला.

"आई, तुम्ही कुठे?"

"चला," वहिनी म्हणाल्या.

पायवाट चढणीची होती, दगडाधोंड्यांची. अर्ध्यावर वहिनींना दम लागला. त्या एका खडकावर टेकल्या आणि वर बघू लागल्या. घरं दिसत होती, वाळत घातलेले कपडे दिसत होते, आणि एका दारात उभं राहून एक पोरगा डोळ्यांवर हात धरून, कोण येतंय ते बघत होता. जावईबापूंच्या बगलेतल्या कागदी पुड्याला घाम फुटला होता.

"काय बोलायचं ते ठरलंय का?" वहिनींनी विचारलं.

"नाही. एकच शब्द ठरलाय. मी."

"पुरे आहे." त्यांनी जावयाचा हात धरला आणि गुडघ्यावर जोर देऊन उठल्या. "किती जवळ आहे हो ही टेकडी. इतकी वर्षं मला खालून वाटायचं, फार लांब आहे."